खात्यात आलेले दोन हजार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलताना आलेले आपल्याकडचे शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)



सूत्रसंचालकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आमच्या गणिताच्या सरांना ठाऊक आहे की माझी पंधरा मिनिटं कधीच पंधरा नसतात. सर पहिल्याच रांगेत बसले आहेत, तेव्हा आकडे तरी बरोबर सांगेन असं वचन देतो.

विषय मी मागून घेतला. कारण आपल्या १९८० च्या दहावीच्या ग्रुपवर दिवाळीआधी तीन दिवस जो वाद पेटला, तो तुम्ही सगळ्यांनी वाचला आहे. एकानं लिहिलं, शेतकऱ्याला फुकट पैसे वाटून सरकारनं आळशी केलं. दुसऱ्यानं लिहिलं, आमच्या करातून चाललंय. तिसऱ्यानं हसण्याची बारा चित्रं टाकली. आणि आपल्या वर्गात जे आठ-दहा जण गावातच राहिले, कास्तकारी करतात, त्यांच्यापैकी एकानंही त्या तीन दिवसांत एक अक्षर लिहिलं नाही. ते गप्प राहिले, हे मला खटकलं. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी याच जिल्ह्यातल्या शाखांमध्ये. काउंटरच्या आतल्या बाजूनं मी हे पैसे येताना आणि जाताना पाहिले आहेत. म्हणून म्हटलं, मोबाइलवर टाइप करण्यापेक्षा सगळ्यांच्या समोर बोलू.

गप्प राहिलेल्यांपैकी एकाच्या घरी मी मागच्या महिन्यात जाऊन बसलो. वणा नदीच्या पलीकडे त्याचं गाव. तो आज इथे हजर आहे. त्यानं अट घातली, "नाव घेऊ नको बावा, हिशोब सांग." तर हिशोबच सांगतो. तुम्हाला आठवत असेल, वर्गात सगळ्यात नेटकी वही त्याची असायची. अजूनही असते. २०१९ पासून सरकारकडून आलेला प्रत्येक रुपया आणि तो कुठं गेला, हे त्यानं एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवलं आहे.

शेत पाच एकर, कोरडवाहू. तीन एकर पराटी, दोन एकर सोयाबीन, मध्ये तुरीची तासं. घरात चार माणसं: तो, वहिनी, मुलगा आणि ऐंशीच्या पुढची आई. केशरी रेशनकार्ड.

आता काय काय येतं ते बघा. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरला सुरू झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली. आधी दोन हेक्टरपर्यंतच होती, मग त्याच वर्षी ती मर्यादा काढली. दुसरं, राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी, तोही ६,०००. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात सुटला. तिसरं, रेशनच्या धान्याऐवजी रोख, माणशी महिन्याला १७० रुपये. त्याबद्दल पुढे जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ती गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची आहे. चौथं, वहिनींचे लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५००.

बेरीज करा. सहा आणि सहा बारा हजार. चार माणसांचे १७० प्रमाणे वर्षाचे ८,१६०. वहिनींचे १८,०००. एकूण ३८,१६०. सर, बरोबर? म्हणजे महिन्याला ३,१८० रुपये, चार माणसांत. आपल्यापैकी जे पेन्शनवर आहेत, त्यांनी आपला महागाई भत्ता मागच्या सहा वर्षांत किती वाढला तो मनातल्या मनात आठवावा. मीही त्यांच्यातलाच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. आपला भत्ता वाढला की आपण ग्रुपवर पेढे मागतो. त्याला कोणी फुकटचं म्हणत नाही. किसान सन्मानचा दोन हजारांचा आकडा २०१९ मध्ये होता तोच आज आहे.

पण रक्कम छोटी म्हणून ती बिनकामाची, असंही नाही. तिचं मोल ती कोणत्या तारखेला येते यावर आहे. इथं त्या वहीचा मला खरा उपयोग झाला.

आपल्याकडे मृगाचा पाऊस झाला की सरकी लावायची घाई होते. जूनचे ते तीन आठवडे. बीटी कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट २०२५ मध्ये ९०१ रुपयांना होतं. तीन एकराला चार पाकिटं धरली तर ३,६०४. डीएपीची बॅग १,३५०, तीन बॅगा म्हणजे ४,०५०. पहिल्या आठवड्यातच साडेसात हजार हातात पाहिजेत. सोयाबीनचं बियाणं, नांगरटीचा ट्रॅक्टर, मजूर वेगळे. हे पैसे नसले की कास्तकार काय करतो? कृषी केंद्रातून उधारीनं आणतो. उधारीच्या बॅगेचा भाव रोखीच्या बॅगेपेक्षा चढा लावला जातो, चिठ्ठीवर व्याज चढतं, आणि दसरा-दिवाळीला पहिला कापूस घरात आला की तो बाजार पाहून विकायची सोय राहत नाही, कारण देणं दाराशी उभं असतं. जुन्या माणसांची सवाई-दिढी आपण ऐकली आहे. तिचंच हे नवं रूप, फक्त छापील पावतीसह.

एकेकाळी याला उत्तर म्हणून गावची सोसायटी आणि जिल्ह्याची मध्यवर्ती सहकारी बँक होती. २०१२ पासून आपली जिल्हा बँक अडचणीत आली आणि सोसायटीचं कर्ज आटलं. राष्ट्रीयीकृत बँकेत खातं थकीत असलेल्याला नवं पीककर्ज मिळत नाही. म्हणून ज्या कास्तकाराला सर्वांत जास्त गरज, तोच उधारीवर.

आता हप्त्याच्या तारखा ऐका. २०२२ मध्ये केंद्राचा हप्ता ३१ मे ला आला. २०२३ मध्ये २७ जुलैला. २०२४ मध्ये १८ जूनला. आणि २०२५ मध्ये २ ऑगस्टला. नियमाप्रमाणे चारही बरोबर, कारण पहिला हप्ता एप्रिल ते जुलैचा मानतात आणि २०२५ चा दोनच दिवस पुढे गेला. पण आपल्या मातीला नियम कुठं माहीत आहे? मी मित्राला विचारलं, त्या वर्षी काय केलं? म्हणाला, "पेरणी काय हप्त्यासाठी थांबते काय गा?" उधारीनं आणलं. ऑगस्टचे दोन हजार फवारणीच्या औषधात गेले.

२०२२ च्या पानावर मात्र वेगळीच नोंद आहे. ३१ मे ला पैसे आले, ८१० रुपयांची दोन पाकिटं रोखीनं घेतली, उरलेल्यातून युरिया आणला. "उधारी नाही" असे दोन शब्द लिहून त्याखाली त्यानं रेघ ओढली आहे. त्या वर्षी उधारीची पहिली चिठ्ठी ऑगस्टमध्ये झाली. म्हणजे दोन हजारांनी काय केलं, तर कर्जाची सुरुवात दोन महिने पुढे ढकलली. बस, एवढंच. तेच दोन हजार त्या जुलैच्या अतिवृष्टीनंतर आले असते, तर दुबार पेरणीलाही पुरले नसते. ज्यानं कधी जूनमध्ये कृषी केंद्राच्या पायरीवर बसून दुकानदाराची मर्जी पाहिली नाही, त्याला "एवढंच" म्हणजे किती, हे कळायला जरा वेळ लागेल.

आपल्याच हायवेनं खाली पांढरकवडा ओलांडून तेलंगणात गेलं, की तिथं १० मे २०१८ ला रयतु बंधू सुरू झाली. एकरी ४,००० रुपये, हंगामाच्या आधी, वर्षातून दोनदा. तिथल्या योजनेतही खोट आहे, ती पुढे सांगतो. पण पैसे पेरणीआधी दिले पाहिजेत, हे तिथल्या सरकारला पहिल्याच वर्षी सुचलं होतं. आपल्याकडे हप्ता एखाद्या मोठ्या सभेच्या तारखेला सुटतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या सभेत केंद्राचा एक आणि राज्याचे दोन असे तीन हप्ते एकदम सुटले, एका कास्तकाराला ६,००० रुपये. चांगली गोष्ट झाली, त्याच दिवशी वर्धा-कळंब रेल्वेही सुरू झाली. पण फेब्रुवारीच्या अखेरीला आपल्याकडे पराटीची उलंगवाडी झालेली असते. हे पैसे कशात गेले? वहीत आहे: आईचा चष्मा, घरावरची दोन टिनं आणि एका लग्नाचा आहेर. मला त्यात काही गैर दिसत नाही. माणसाला आहेरही करावा लागतो.

आता रेशनचं. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या आपल्या मित्रांना माहीतच नसते. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही दारिद्र्यरेषेखालच्यांसारखं माणशी पाच किलो धान्य द्यायचं, गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच, आणि नागपूर विभागातला एकच, आपला वर्धा. २०२२ मध्ये केंद्राकडून त्यासाठी मिळणारा गहू-तांदूळ थांबला. मग २८ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानं धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये, घरातल्या कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात. पुढच्या वर्षी त्याचे १७० झाले.

धान्य बरं की पैसा बरा? या प्रश्नावर जगभर अर्थशास्त्रज्ञ भांडतात. मेक्सिकोत १९९७ पासून, ब्राझीलमध्ये २००३ पासून गरीब घरांना, तेही बहुतेक घरातल्या बाईच्या हातात, थेट रोख देऊन पाहिली गेली. तिकडचं तिकडं. आपल्या वहिनींचं म्हणणं मला या सगळ्यांपेक्षा स्पष्ट वाटलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गहू आला का आला. त्याले कोणी मागत नाही. पैसा आला का चार जण मागतात." पाच किलोला १७० म्हणजे किलोला ३४ रुपये. ज्या महिन्यात गव्हाचा भाव त्याच्या आत, त्या महिन्यात बाई फायद्यात. वर गेला की तोट्यात. धान्याला भाववाढ लागत नव्हती, पैशाला लागते. शिवाय पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, तुंबून येतात, आणि पोट तुंबवून ठेवता येत नाही. पण त्यांनीच पुढे हेही सांगितलं, की रेशनचा तांदूळ कधी कधी असा यायचा की कोंबड्यांसमोर टाकावा लागायचा, आणि दुकान कधी उघडेल याचा नेम नसायचा. आता त्या आपल्या आवडीची डाळ घेतात. माझं मत विचाराल तर धान्य चालू राहायला हवं होतं, आणि वर हे पैसेही. पण मी बँकवाला, माझं ऐकतं कोण.

वस्तू द्यावी की पैसा, याचा एक धडा आपल्या जिल्ह्यानं आधीच घेतला होता. १ जुलै २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. वर्धा त्यात होता. त्या पॅकेजमध्ये जोडधंदा म्हणून अर्ध्या अनुदानावर दुभत्या गाई दिल्या गेल्या. कल्पना वाईट नव्हती. पण कोरडवाहू कास्तकाराच्या घरी संकरित गाय बांधली, तिला हिरवा चारा कुठून आणायचा, ढेप कशानं घ्यायची, दूध कुठं घालायचं? कितीतरी घरांनी त्या गाई कमी किमतीत विकल्या. घरच्या माणसांपेक्षा गाय जास्त खात होती. हातात पैसे दिले असते तर त्या बाईनं चार शेळ्या घेतल्या असत्या, कारण शेळी धुऱ्यावर चरून येते, हे तिला ठाऊक होतं. वरच्या कार्यालयाला ठाऊक नव्हतं.

त्याच काळातली आणखी एक रोख मदत मी काउंटरवरून पाहिली आहे. त्याबद्दल बोलणं जड जातं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाख रुपये. ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव. हा नियम २००६ चा. एक लाखाचा आकडाही तेव्हापासून तोच आहे. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, थकलं होतं का. ज्यानं नातेवाइकाकडून उसने घेतले, ज्याची जमीन बापाच्या नावावर राहिली, ज्यानं ठेक्यानं वावर केलं, त्याचं घर कागदावर लटकत राहतं. व्याज न्यायला येणाऱ्या त्या बाया विड्रॉल स्लिपवर अंगठा उठवायच्या आणि एकच विचारायच्या, "मोडता येते का जी?" ठेव मुदतीआधी मोडता येत नसे. त्यांना लेकरांची फी त्या जूनमध्ये भरायची असायची, मुदत संपल्यावर नव्हे.

आता दोन आक्षेप. पहिला, पैसे दारूत जातात. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, तेव्हा हा आक्षेप कागदोपत्री उद्भवतच नाही. (हसू नका, गुरुजन बसले आहेत.) गंभीरपणे सांगायचं तर काही घरांत जातात, मी नाकारत नाही. पण त्या घरांत मजुरीचे पैसेही जातातच. शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरकडे, 'सेवा' या स्त्रियांच्या संघटनेनं २०११-१२ मध्ये युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला महिन्याला २०० रुपये, मुलामागे १००, पुढे ३०० आणि १५०. अट काहीच नाही. दारू वाढल्याचं दिसलं नाही. मुलांची वजनं सुधारली, घरात जनावरं वाढली, आणि लहान शेतकरी दुसऱ्याच्या मजुरीला कमी जाऊन स्वतःच्या वावरात जास्त राबू लागले.

दुसरा आक्षेप आपल्या कास्तकार मित्रांचाच आहे. बाया आता कामाला येत नाहीत, लाडकी बहीण झाल्या. हा माझा वहीवाला मित्रही हेच म्हणतो, आणि त्याच्याच घरात ते १,५०० येतात! मी त्याला हिशोब मांडून दाखवला. वेचणीचा दर किलोला दहाच्या घरात. हात चालता असला तर बाई दिवसाला चाळीस किलो वेचते, म्हणजे ४०० रुपये. महिन्याचे १,५०० म्हणजे चार दिवसांची वेचणी. चार दिवसांच्या पैशांत कोणी महिनाभर घरी बसेल का? मग बाया मिळत का नाहीत? कारण सगळ्यांचा कापूस एकाच पंधरवड्यात फुटतो, आणि गावातल्या तरुण मुली शिकून बाहेर गेल्या. पण एक गोष्ट खरी आहे. पूर्वी तापात फणफणलेली बाई निंदणाला यायची, कारण रात्रीच्या मिठाचा प्रश्न असायचा. आता ती म्हणू शकते, आज नाही येत. मजुराला "नाही" म्हणता आलं की मालकाची पंचाईत होते. माझ्या मित्राची झाली आहे, आणि ती मी समजू शकतो. तो स्वतःच तोट्यात शेती करतो, मजुरी वाढवून देणार कुठून?

वहिनींनी आपल्या पैशातून काय केलं, ते त्या वहीत नाही. तो त्यांचा हिशोब, त्या ठेवतात. एक मात्र त्यांनी सांगितलं. डोळ्यात मोतीबिंदू दोन वर्षांपासून होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑपरेशन होतं हेही माहीत होतं. पण जायचं म्हणजे एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, तिथं दोन दिवसांचं चहापाणी. नवऱ्याकडे मागावं तर तो फवारणीच्या पंपाचे पैसे जुळवत होता. म्हणून त्या बोलल्याच नाहीत. स्वतःच्या खात्यात तीन महिने साठले आणि त्या गेल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. मी विचारलं, नवऱ्याला कधी सांगितलं? म्हणाल्या, "तारीख घेतल्यावर."

यातली एक गाठ मात्र सोडवायला हवी. वावर वहिनींच्या नावावर असतं, तर किसान सन्मान आणि नमोचे मिळून महिन्याला हजार त्यांच्याच खात्यात आले असते, आणि मग लाडकी बहीणचे १,५०० न मिळता फरकाचे ५०० मिळाले असते. आज नवऱ्याच्या नावावर शेत आहे म्हणून घरात अडीच हजार येतात. बायकोच्या नावावर केलं तर दीड हजार. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, गावोगाव नवऱ्यांनी आपल्या खुशीनं बायकोच्या नावावर जमीन केली, ते आपल्या ऐन तरुणपणी. आपल्यातल्या कित्येकांच्या छातीवर तेव्हा लाल बिल्ला होता. त्याच घरांना आज या नियमानं महिन्याला हजाराचा दंड बसतो.

लाल बिल्ल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. तेव्हाची घोषणा होती, भीक नको, हवे घामाचे दाम. आपले कास्तकार मित्र ग्रुपवर गप्प राहिले त्याचं एक कारण मला वाटतं इथं आहे. हा पैसा घेताना त्यांना बरं वाटत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात ४,१०० च्या आसपास विकावं लागलं. क्विंटलला सुमारे ८०० रुपये कमी. माझ्या मित्राला पंधरा क्विंटल झालं. पंधरा गुणिले आठशे, बारा हजार. केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा मिळून जे वर्षाला मिळतात, बरोबर तेवढेच. २०२५ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्टला, परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं गेलं. तेव्हा 'आमच्या करातून' असं लिहिणाऱ्या मित्राला मी हात जोडून सांगतो, की देणं-घेणं दोन्ही बाजूंनी चाललं आहे. एका बाजूचीच जाहिरात होते.

आपण शाळेत होतो तेव्हा एकाधिकार खरेदी होती. आठवतं? कापूस द्यायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. फीची शेवटची तारीख निघून जायची आणि आपले वर्गशिक्षक फीचं रजिस्टर उघडून पोरांना विचारायचे, "चुकारा आला का रे?" नाही म्हटलं की रजिस्टर मिटायचं. पोराला वर्गाबाहेर काढल्याचं मला एकदाही आठवत नाही. आपल्या वर्गातले किती जण त्या मिटलेल्या रजिस्टरमुळे इथं बसले आहेत, सरांना विचारा. तीही मदतच होती. तिला ना अर्ज लागला ना अंगठा.

अंगठ्यावरून शेवटचा मुद्दा, आणि तो कामाचा आहे. मित्राचा हप्ता दोनदा बंद पडला. एकदा सातबारावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं म्हणून. एकदा ई-केवायसीला अंगठा उमटेना म्हणून. उमटणार कसा? चाळीस वर्षं सरकी वेचून आणि डवरा धरून बोटावरच्या रेषा झिजल्या. सेवा केंद्र, तलाठी, तहसील, बँक असे सात फेरे झाले. दोन हजारांसाठी गेलेली मजुरी आणि भाडं त्यानं वहीत लिहिलं आहे: १,१४०. एका ठिकाणच्या बाबूनं तर, कोणत्या कार्यालयाचं ते सांगत नाही, त्याला "उद्या या" असं चार वेळा सांगितलं.

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांना फेरे मारायचीही सोय नाही. माझ्या मित्राच्या शेजारी एक तरुण पोरगा सात एकर ठेक्यानं करतो. मालक नागपूरला. सन्मान निधी मालकाला, अतिवृष्टीची भरपाई मालकाला, पोराच्या वाट्याला तोटा. तेलंगणातही नेमकी हीच खोट राहिली. मी कोणाकडे बोट दाखवत नाही, पण या सभागृहात नागपूर, पुणे, नाशिकला राहणारे आणि इकडचं वावर ठेक्यानं दिलेले किमान पंधरा जण आहेत. मला मोजता येतात. त्यांना एवढंच मागतो: ठेका तोंडी ठेवू नका, कागदावर करा. नोंदणीकृत करार असला तर पीकविमा त्या पोराच्या नावानं काढता येतो. आणि खात्यात येणारे हप्ते तुमचे नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, तर ते ठेक्याच्या रकमेतून वळते करून द्या. कोणी अडवलेलं नाही.

दुपारच्या जेवणानंतर मागच्या वऱ्हांड्यात, सातवी 'ब' च्या वर्गासमोर, मी आणि तहसीलमधून निवृत्त झालेले आपले दोघे मित्र टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांचा हप्ता अडकला आहे, त्यांनी आधार, सातबारा आणि पासबुक घेऊन यावं. अंगठा उमटत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून केवायसी होते, ती तिथंच करून देऊ. ठेक्याच्या कराराचा कोरा नमुनाही आणला आहे, वीस प्रती. कमी पडल्या तर शाळेच्या ऑफिसात झेरॉक्स आहे, मुख्याध्यापक बाईंना विचारून ठेवलं आहे.

सर, किती मिनिटं झाली ते सांगू नका.